नागाओबाईंची पसंती

नागाओबाईंनी चटणीच्या वाटीकडे पाहिलं आणि तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला.

"तिखट असंल म्हणून भ्याल्या काय?" आईनं अण्णांना विचारलं. "त्यांना सांगा, मिरची नावालाच घातली. सगळे शेंगदाणेच आहेत."

अण्णांनी जपानीत सांगितलं. बाईंनी मान लववली, गोड हसल्या, वांग्याच्या भाजीचा एक घास घेतला आणि पुन्हा वाटीकडे पाहिलं. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. केस बारीक कापलेले, पाय वळवून पाटावर अशा ताठ बसलेल्या की आमच्याच घरात आम्ही पोक काढून बसलोय याची लाज वाटावी. चटणीला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. आईचा जीव खालीवर होत होता. सकाळपासून कूट करत होती बिचारी.

माझं त्या दोघींकडे लक्ष नव्हतं. माझं लक्ष बाईंच्या ताटातली पोळी किती उरली याच्याकडे होतं, कारण जेवण आटोपलं की या बाई माझ्या जन्माचा निकाल लावणार होत्या.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला संगीतकार समजत होतो. आज टीव्हीवरच्या मालिकेत सासूनं चिठ्ठी फाडली की सुनेच्या तोंडावर तीनदा 'धाड, धाड, धाड' होतं, ते मी करतो. त्यामुळे त्या काळातल्या माझ्या डोक्यातली हवा किती होती, हे सांगताना मला आता फारसा संकोच वाटत नाही. इंजिनियरिंग कसंबसं पार पडलं होतं. वाळूजच्या एका कारखान्यानं क्वालिटी विभागात घेतो म्हणून कळवलं होतं, एक तारखेला हजर व्हायचं होतं. आणि मी सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या टेकवून, आठ महिने एक अल्बम करत बसलो होतो. टेक्नो अल्बम. जपानी संस्कृतीवर आधारित. नाव 'फुजी एकशे अठ्ठावीस'. फुजी म्हणजे तिकडचा डोंगर, आणि एकशे अठ्ठावीस म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके.

टेक्नो ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की त्यात गाणारा नसतो, शब्द नसतात, एकच ठोका न थकता चालू राहतो आणि त्याच्यावर हळूहळू थर चढत जातात. शेजारच्या कांबळेकाकूंनी पहिल्याच आठवड्यात आईला विचारलं होतं, की घरगुती गिरणी घेतली का, आणि घेतली असेल तर आमचंही दळण देऊ का.

आता जपानच का? मी जपानला गेलो नव्हतो. पूर्वेला आमची मजल नागपूरच्या मामांपर्यंत. पण अण्णा अजिंठ्याला गाइड होते, तेही जपानी पर्यटकांचे. लेण्यांच्या पायथ्याच्या फर्दापूरला लहानपणी पोस्टकार्डं विकता विकता परदेशी लोकांच्या मागे फिरून त्यांनी ती भाषा कानानं उचलली, पुढे रीतसर परवाना काढला. दहावी झालेला माणूस सतराव्या नंबरच्या लेण्यात उभा राहून जपानी प्राध्यापकांना चित्रं समजावून सांगायचा आणि ते वह्या काढून लिहून घ्यायचे. ते लोक त्यांना खरात-सान, म्हणजे खरातसाहेब, म्हणत. जाताना पर्यटक भेटी द्यायचे. आमच्या शोकेसमध्ये पंखे, कागदी बाहुल्या आणि उघडायला जीव न झालेले चहाचे डबे होते. एवढ्या भांडवलावर माझा समज असा होता, की जपानचा आत्मा मला कळलेला आहे. उरलेला आत्मा मी हिंदीत बोलणाऱ्या जपानी कार्टूनमधून घेतला होता.

आणि या आत्म्याचा आवाज मला सापडला होता तो त्या वाटीत.

ती वाटी काशाची होती, जाड, काळपट सोनेरी. कुणा म्हाताऱ्या पाहुण्यानं अण्णांना कितीतरी वर्षांपूर्वी दिलेली. सोबत एक छोटी रेशमी गादी आणि कापड गुंडाळलेलं लाकडी दांडकं. दांडक्याचं काय करायचं हे कुणालाच कळलं नाही, गादीत आई सुया टोचून ठेवायची, आणि वाटी चटणीची. एकदा मी तिला सहज ते दांडकं मारलं आणि असा स्वर निघाला की मी हातातलं दांडकं तसंच धरून उभा राहिलो. इतका लांब, इतका स्वच्छ. कितीतरी वेळ तो खोलीतच होता. त्या दिवसापासून वाटीच्या दोन पाळ्या सुरू झाल्या. दुपारी ती माझ्या स्टुडिओत, संध्याकाळी घासून पुन्हा चटणीला. अख्ख्या अल्बमचा ठोका मी त्या वाटीवर उभा केला होता.

पैज अण्णांनीच लावली होती. एक दिवस ते लेण्यांवरून आले, टोपी खुंटीला लावली आणि गादीआडून डोकावले.

"हे तू कोणासाठी करू राहिला, सुम्या?"

"जपानवर आहे, अण्णा. तुम्हाला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं," अण्णा म्हणाले. तीस वर्षं जपान्यांबरोबर काढलेला माणूस. पण हे बोलताना त्यांच्या आवाजात काही नव्हतं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. "बरं. मग ज्याला कळतं त्याला ऐकव. एक खरा जपानी माणूस मी घरी आणतो. त्याला पसंत पडलं तर वर्षभर मी तोंड उघडणार नाही, तू तुझं कर. नाही पडलं तर एक तारखेला गुमान कंपनीच्या बसमध्ये बसायचं."

"कबूल."

"काकाला पण सांगून ठेवतो, त्यानंच तिथं शब्द टाकला. उद्या शब्दावरून फिरायचं नाही."

तर त्या दिवशीचा खरा जपानी माणूस म्हणजे तोमिको नागाओ. एकट्याच आल्या होत्या, दोन दिवस अण्णांबरोबर लेणी पाहत होत्या. पैजेचं अण्णांनी त्यांना वाटेतच सांगितलं होतं. अण्णांनी घरी जेवायला बोलावल्यावर त्यांनी तीनदा नको म्हटलं आणि चौथ्यांदा हो म्हटलं. ते तिकडचं वळणच आहे, असं अण्णांनी आईला समजावलं. आई म्हणाली, त्यात काय तिकडचं, आपल्या नणंदबाईही तसंच करतात.

जेवण झालं. आईनं चहा टाकला. मी बाहेरच्या खोलीत दोन स्पीकर आणून ठेवले होते, एक टीव्हीवर, एक शिवणयंत्रावर. तिसरी वस्तू होती रेकॉर्डर. बाईंची प्रतिक्रिया टिपून ठेवायची होती, पुढेमागे माझ्यावर माहितीपट निघाला तर लागेल म्हणून. तोही मी बाईंसमोरच, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"सांगा त्यांना," मी अण्णांना म्हणालो, "की हा त्यांच्या संस्कृतीला माझा प्रणाम आहे."

अण्णांनी सांगितलं. मी जे म्हणालो त्याच्या एक चतुर्थांशच सांगितलं असावं. बाई मान लववून तयार झाल्या, हात मांडीवर.

मी बटण दाबलं.

सुरुवात संथ होती. वाऱ्याचा आवाज, म्हणजे खरं तर आमच्या कुलरचा. मग वाटीचा पहिला ठोका.

नागाओबाईंनी हातातला कप खाली ठेवला. हात जोडले, डोळे मिटले आणि वाकल्या.

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा बाईंकडे पाहत होते.

स्वर विरत गेला. चार-पाच श्वास झाले असतील. दुसरा ठोका. बाई पुन्हा वाकल्या. ओठ काहीतरी पुटपुटत होते.

"काय गं बाई," आई माझ्या कानाशी म्हणाली, "पूजाच करू राहिल्या की."

माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं. मनात म्हटलं, संपली पैज. पण मी टेक्नो करत होतो, आणि टेक्नोत ठोका वाढवावा लागतो. ठोके जवळ येऊ लागले. बाई वाकत राहिल्या. डोकं वर यायच्या आत पुढचा ठोका, म्हणून पुन्हा खाली. मग एकशे अठ्ठावीसचा खरा मामला सुरू झाला, खालून ढोल आला, आणि वाटी प्रत्येक ठोक्याला घणघणू लागली. बाईंनी एक-दोनदा गाठायचा प्रयत्न केला. मग त्या थांबल्या. हात जोडलेलेच राहिले, डोळे उघडले, आणि त्या टीव्हीवरच्या स्पीकरकडे पाहू लागल्या.

"तोमेते कुदासाई," त्या म्हणाल्या. अगदी हळू. थोड्या वेळानं पुन्हा, आणखी नम्रपणे. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा आवाजात एक कंप होता. मला वाटलं, भारावल्या.

अण्णा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बंद कर."

"अजून अर्धं बाकी आहे, अण्णा. खरा भाग पुढेच आहे, तिथं पावसाचा—"

"बंद कर म्हणलं ना. कळलं त्यांना."

मी बंद केलं. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की कांबळेकाकूंच्या कुकरची शिट्टी आमच्याच ओट्यावर झाल्यासारखी वाटली.

मग बाई बोलू लागल्या. पुष्कळ बोलल्या. पदर नव्हता म्हणून रुमालानं डोळे टिपले, मधेच हसल्या, हाताच्या दोन बोटांनी काहीतरी छोटंसं चालत जाऊन दमल्याचं दाखवलं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी एकदा काहीतरी विचारलं, त्यावर बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहून उत्तर दिलं. शेवटी माझ्याकडे वळून एकेक शब्द सुटा करून दोन वाक्यं बोलल्या, मला कळावीत म्हणून. मला ती अर्थातच कळली नाहीत. मी मान लववली.

"काय म्हणतात?"

अण्णांनी चहाचे रिकामे कप एकात एक घातले. आई पदर तोंडाला लावून उभी होती.

"पसंत आहे म्हणतात," अण्णा म्हणाले.

"एवढंच? इतकं बोलल्या की."

"तेच, लांबवून. त्यांच्यात लांबवून बोलतात."

"आणि वर्षाचं?"

अण्णांनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "द्या म्हणतात. पोराला एक वर्ष द्या."

आईनं डोळे पुसले. मी पुढे होऊन नागाओबाईंच्या पायांना हात लावायला वाकलो, तशा त्या घाबरून दोन पावलं मागे सरकल्या आणि शिवणयंत्रावर आदळता आदळता वाचल्या. अण्णा त्यांना हॉटेलवर सोडून आले. दुसऱ्या दिवशी वाटी चटणीला मिळेना. आईनं विचारलं तर अण्णा म्हणाले, आता स्टीलच्या वाटीत कर. मला वाटलं, माझ्या कलेचं साधन म्हणून मान राखला.

वाळूजला मी नाही म्हणून कळवलं. काकांनी अण्णांशी दोन महिने बोलणं टाकलं, कारण त्यांच्याच ओळखीनं ते काम झालं होतं. अण्णा दिल्या शब्दाला जागले, वर्षभर तोंड उघडलं नाही. सकाळी सहाच्या बसनं लेण्यांवर जायचे, संध्याकाळी येऊन पाय शेकत बसायचे आणि आतून एकशे अठ्ठावीसचा दणका चालू असायचा. कधी दाराशी उभे राहायचे. मी विचारायचो, काय? ते म्हणायचे, काही नाही, जेवायला चल.

मी अल्बम पुरा केला. त्यातला मुकुटमणी होता शेवटचा तुकडा. नागाओबाईंचा आवाज रेकॉर्डरवर सुरेख आला होता, तेव्हा मी त्यांचे ते दोन शब्द कापून घेतले आणि सात मिनिटांच्या ठोक्यावर फिरवत ठेवले. तोमेते कुदासाई, तोमेते कुदासाई. अर्थ मी कुणाला विचारला नाही. पसंतीचेच शब्द आहेत हे मला ठाऊक होतं, आणि अण्णांना ते अल्बम बाहेर आल्यावर एकदम ऐकवायचे होते, म्हणून हा तुकडा मी हेडफोन लावूनच केला. या तुकड्याचं नाव मी ठेवलं 'आशीर्वाद'.

पहिला कार्यक्रम पुण्यात झाला, एका कॅफेत, रविवारी दुपारी चार वाजता. टेक्नोला दुपारी चारची वेळ म्हणजे लग्नाला पितृपक्षातला मुहूर्त, पण संध्याकाळी त्यांना जागा खऱ्या गर्दीसाठी हवी होती. तरी माणसं आली. कॉलेजचे मित्र होते, कॉफी प्यायला येऊन अडकलेलं एक जोडपं होतं, आणि जपानी शिकणाऱ्यांचा एक आख्खा वर्ग होता. पोस्टरवर फुजी पाहून त्यांच्या बाई, मैथिली आगाशे, त्यांना घेऊन आल्या होत्या. बरोबर पाहुणे म्हणून एक खरेखुरे जपानी गृहस्थ, ओकुदा नावाचे, कुठल्याशा कंपनीत काम करणारे.

'आशीर्वाद' सुरू झाला आणि पोरं उठून नाचायला लागली. मला भरून आलं. जपानी वर्गातली मुलं मात्र आधी एकमेकांकडे पाहत होती, मग तोंडावर हात ठेवून हसू लागली, आणि मग तीही नाचायला लागली, हसत हसत, तोमेते कुदासाई असं मोठ्यानं म्हणत. मी हात वर करून त्यांना आणखी चेतवलं. ओकुदा तेवढे उभे होते. पाच मिनिटं त्यांनी वाट पाहिली. मग ते माझ्या टेबलापाशी आले, अदबीनं वाकले आणि मैथिलीबाईंना काहीतरी म्हणाले.

मैथिलीबाईंना ते मला सांगताना फार कष्ट पडले. "हे विचारतायत," त्या म्हणाल्या, "की या आजी केव्हाच्या 'कृपा करून बंद करा' म्हणतायत. तर तुम्ही बंद का करत नाही?"

मी बंद केलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं. उरलेली दोन मिनिटं त्या बाईंनी तीसेकदा तरी मला बंद करायला सांगितलं असेल आणि लोक नाचत होते. तुकडा संपल्यावर टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी 'पुन्हा एकदा' म्हणालं. मी लॅपटॉप उचलला आणि मैथिलीबाईंना घेऊन कॅफेच्या मागच्या दारी गेलो. रिकाम्या क्रेटवर बसवून त्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि नागाओबाईंचं त्या दिवशीचं सगळं बोलणं सुरुवातीपासून लावलं.

त्या ऐकत गेल्या. पहिल्यांदा हसू दाबत होत्या, मग हसू गेलं. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून हातात धरले.

"ही कसली घंटा वापरलीत तुम्ही?"

"वाटी आहे. घरातली. म्हणजे चटणीची."

"चटणीची," त्या म्हणाल्या. "आजी म्हणतायत, माफ करा, पण ही घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोपुढे ठेवतात. एकदाच वाजवायची. वाजवली की ते माणूस येतं, मग त्याला दिवसभराचं काय ते सांगायचं आणि जाऊ द्यायचं. त्या म्हणतात, आवाज ऐकला आणि माझे यजमान आले. सवयच आहे त्यांना. पण ते हळू चालायचे, गुडघे दुखायचे त्यांचे. इतक्यांदा बोलावलं तर धाप लागेल. मला त्यांच्याशी बोलायला तरी मिळू दे."

ती दोन बोटं मला दिसली, चालत जाऊन दमलेली.

"मग एक पुरुषाचा आवाज आहे—"

"माझे वडील."

"ते विचारतात, मग आम्ही त्यात खायचं ठेवलं हे फार वाईट झालं का? आजी म्हणतात, नाही हो, तुमच्या घरात माहीत नव्हतं, आणि यजमान खवय्ये होते, त्यांना हसूच आलं असतं." मैथिलीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि शेवटी तुम्हाला उद्देशून आहे."

"माहीत आहे. ते काय?"

"सांगू?"

"सांगा."

"तू मनानं चांगला आहेस, बाळा. लवकर नोकरीला लाग."

कॅफेतून कुणीतरी मला हाक मारत होतं. मैथिलीबाईंनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली आणि आत गेल्या. मी मागच्या दारीच उभा राहून घरी फोन लावला. अण्णा त्या दिवशी घरीच होते.

"झाला का कार्यक्रम?" अण्णांनी विचारलं. "माणसं आली होती?"

"आली होती. अण्णा, तोमेते म्हणजे काय?"

पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला. ते बसले असावेत.

"कोणी सांगितलं?"

"इथं जपानी शिकवणाऱ्या एक बाई आहेत. मी तेव्हाचं सगळं बोलणं त्यांना ऐकवलं."

"मशीन चालू होती," अण्णा म्हणाले. "समोरच होती की. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"म्हणजे पैज तुम्ही जिंकला होतात."

"हाव."

"नोकरीला लाग म्हणाल्या त्या. तुमच्याच बाजूनं बोलल्या."

"हाव. चांगल्या होत्या बाई. हॉटेल येईस्तोवर मला हेच सांगत होत्या, की क्वालिटीचं काम लय चांगलं असतं, त्यांच्या भावानं तेच केलं."

मला हसू आलं आणि रागही आला. "मग खोटं कामून सांगितलं?"

आई मागे काहीतरी विचारत होती, तिला अण्णांनी 'थांब' म्हटलं.

"सुम्या, जपानी माणूस बोलला ते दुकानदाराला सांगायचं, अन् दुकानदार बोलला ते त्याला. जन्मभर हेच केलं. मधी आपलं काही घालायचं नाही. ह्याच्यावरच पोट आहे. त्या दिवशी एकदा आपलं घातलं."

"मग मला सरळच सांगायचं होतं ना. घे बाबा वर्ष, म्हणून."

"काकाला एक तारीख सांगून बसलो होतो. अन् मी सांगितलं असतं तर तू मानलं असतं का? बाप म्हणला तर तू म्हणणार, तुम्हाला काय कळतं. तुला जपानी माणसाचंच पाहिजे होतं. म्हणून बाईंच्या नावावर दिलं."

ते रागानं म्हणाले नाहीत. बसचं वेळापत्रक सांगावं तसं म्हणाले. पण मी भिंतीला टेकलो. वर्षभर मी ज्या कुणाला भेटलो त्याला सांगत होतो, की माझं काम पहिल्यांदा कुणी ओळखलं असेल तर ते एका परक्या देशातल्या बाईनं. बाप घरात पाय शेकत बसलेला असायचा. मला त्या क्षणी त्यांच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटलं, आणि मी पुण्यात कॅफेच्या मोरीपाशी उभा होतो.

"पण का, अण्णा? काकांनी बोलणं टाकलं तुमच्याशी."

"तू ते बटण दाबलं ना, तेव्हा तुझे हात थरथरू लागले होते," अण्णा म्हणाले. "इंजिनियरिंगच्या निकालाला नव्हते थरथरले. मी पाहिलं होतं."

मी नाक पुसलं. आतून पुन्हा हाक आली. फोन ठेवायच्या आधी मला एक गोष्ट विचारायची होती, जी मी आठ महिन्यांत आणि वरच्या एका वर्षात त्यांना कधीच विचारली नव्हती.

"अण्णा, तुम्हाला कसं वाटलं होतं हो? माझं संगीत?"

"खरं सांगू?"

"सांगा."

"बाई आधी बोलल्या म्हणून," अण्णा म्हणाले. "नाहीतर बंद कर म्हणून मीच म्हणणार होतो."